पिकोलो ट्रंपेटसाठी माऊथपीस शोधताना

ट्रंपेट विकत घेतला की पेटीत माऊथपीस येतोच. तो जसा असेल तशावर शिकायला सुरुवात होते आणि पुढं वर्षानुवर्षं बहुतेक जण तोच ओठाला लावतात. कोल्हापुरातल्या बँडमध्ये मी लहानपणापासून हेच बघत आलोय. सीझन चांगला गेला तर नवा ट्रंपेट घेतील, नवे गणवेश शिवतील, पण माऊथपीस बदलावा असं कुणाच्या मनात येत नाही. मला पिकोलो ट्रंपेट मिळाला तो वापरलेला. पिस्टन चांगले, नळीला कुठं चेप नाही, काळी पाच आणि पांढरी सहा या दोन पट्ट्यांचे दोन्ही लीडपाईप, म्हणजे माऊथपीस ज्यात बसतो त्या सुरुवातीच्या नळ्या, जागेवर. पेटीतला माऊथपीसचा खाचा तेवढा रिकामा. तो भरायला काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण बँडमध्ये वाजवणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

आधी पिकोलोबद्दल थोडं. आपला नेहमीचा ट्रंपेट बी-फ्लॅटचा, म्हणजे हार्मोनियमवरची काळी पाच. त्याची नळी उलगडून सरळ केली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरेल. पिकोलोची त्याच्या निम्मी, ७४. म्हणून तो बरोबर एक सप्तक वर बोलतो. बहुतेक पिकोलोंना तीनऐवजी चार पिस्टन असतात. चौथा दाबला की सूर खालच्या पंचमावर उतरतो आणि निम्म्या नळीमुळं गमावलेले खालचे सूर थोडे परत मिळतात.

वाद्य बघितलं की जो तो विचारतो, ‘ह्याच्यावर वरचे सूर सोपे जात असतील न्हवं?’ तसं नसतं, आणि माऊथपीसची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. तार सप्तकातली काळी पाच वाजवायची तर ओठ सेकंदाला सुमारे ९३२ वेळा हलायलाच हवेत, हातात मोठा ट्रंपेट असो की पिकोलो. ओठांची मेहनत तेवढीच. फरक पडतो तो नेम लागण्यात. मोठ्या ट्रंपेटवर तो सूर आठवा हार्मोनिक, म्हणजे पिस्टन न दाबता नुसत्या ओठांनी निघणाऱ्या सुरांतला आठवा. त्याला सा धरला तर लगेच खाली कोमल निषाद आणि लगेच वर रिषभ, दोन्ही टपून बसलेले. ओठ किंचित ढळले की शेजारचा सूर वाजतो. पिकोलोवर तोच सूर चौथा हार्मोनिक. त्याच्या खाली थेट पंचम आणि वर थेट गंधार. मधे मोकळी जागा. पिकोलो ताकद देत नाही, खात्री देतो. हे मला वाद्य घेण्याआधी वाचून माहीत होतं, पण त्याचा माऊथपीसशी संबंध कसा लागतो ते हळूहळू उलगडत गेलं.

मला पिकोलोची गरज पडली चर्चच्या गायकवृंदामुळं. नाताळच्या कार्यक्रमात हँडेल या जुन्या युरोपी संगीतकाराच्या ‘मसाया’ या गायनरचनेतला एक भाग घ्यायचं ठरलं. गाणारा एकटा बास गायक, आणि त्याच्याइतकंच काम ट्रंपेटला. हँडेलनं हे १७४१ साली लिहिलं. त्या काळी ट्रंपेटला पिस्टन नव्हते. पांढरी दोनचा साधा ट्रंपेट, जवळजवळ सात फूट नळी, आणि वादक वरच्या हार्मोनिकमध्ये, जिथं सूर एकमेकांना चिकटून येतात, तिथं नुसत्या ओठांनी चाल काढायचे. त्यांच्या कौशल्यापुढं मी आजही हात जोडतो. आता तेच संगीत बरेच वादक पिकोलोवर वाजवतात. ही वाट रुळवण्यात फ्रान्सच्या मॉरिस आंद्रे (१९३३-२०१२) यांचा मोठा वाटा. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस, आणि त्याच्या पिकोलोचा सूर ऐकावा तर किती मोकळा.

पांढरी दोनची रचना काळी पाचच्या पिकोलोवर वाजवायची म्हटली तर कागदावर ई मेजर येतं, चार शार्प, म्हणजे चार सूर अर्ध्या पायरीनं चढे. लीडपाईप बदलून पांढरी सहाचा लावला की तीच रचना एफ मेजरमध्ये येते, एकच फ्लॅट, म्हणजे एकच सूर उतरा. बोटं मोकळी होतात. म्हणजे मला असा माऊथपीस हवा होता जो पांढरी सहाच्या पाईपवर सुरात बोलेल, आणि जमल्यास काळी पाचवरही.

पहिली अडचण फारच साधी निघाली. माझा नेहमीचा ७सी मापाचा माऊथपीस पिकोलोत जाईचना. ट्रंपेटचा माऊथपीस ज्या भागानं वाद्यात बसतो तो शँक, आणि तो दोन मापांत येतो: ट्रंपेटचा जाड, आणि कॉर्नेटचा (हे ट्रंपेटच्याच जातीचं वाद्य) बारीक आणि आखूड. पिकोलो बनवणारे काही ट्रंपेटच्या मापाचं तोंड ठेवतात, काही कॉर्नेटच्या, आणि काही दोन्ही देतात. माझं वाद्य कॉर्नेट शँकचं. ज्याला पिकोलो घ्यायचाय त्यानं हे आधी विचारून घ्यावं, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते.

शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. पंपाच्या शाफ्टपासून उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापर्यंत सगळ्याची टर्निंगची कामं करतात, आणि आमच्या बँडचे अडकलेले माऊथपीस, झिजलेले पिस्टन तेच बघतात. ट्रंपेटचा शँक लेथवर घासून कॉर्नेटच्या मापाचा करता येईल का, हे विचारायला त्यांच्याकडं गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला, शँकच्या टोकाचं आतलं माप घेतलं, बाहेरचं घेतलं, आणि माऊथपीस माझ्या हातात परत ठेवला.

“भिंतच न्हाई उरत. एक मिलिमीटरसुद्धा जाडी न्हाई टोकाला. तुम्ही तेवढंच काढा म्हणताय. पत्रा बी शिल्लक राहायचा न्हाई.”

मग मास्तरांची ट्रंक आठवली. ज्यांच्या हाताखाली मी बँडमध्ये शिकलो त्या मास्तरांच्या तरुणपणी ट्रंपेटपेक्षा कॉर्नेट जास्त वाजायचे. त्यांनी ट्रंक उघडून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले माऊथपीस काढले. त्यातला एक कॉर्नेटचा, चांदी उडून पितळ उघडं पडलेला, पण आतून स्वच्छ.

“ह्यो लाव. ह्याच्यावर मी देवीच्या पालखीपुढं वाजवलंय,” मास्तर म्हणाले. “आवाज गोड हाय बघ.”

आवाज गोडच होता. मंद्रातले सूर भरीव, मधले गोल. पण मध्य सप्तकातला पंचम ओलांडला की सूर उतरायला लागायचा, आणि जितकं वर जावं तितका जास्त. तारातल्या पंचमापाशी तर कीबोर्डशी जुळायचं नावच नाही. ओठ आवळून तो वर ओढावा तर आवाज पिळवटून निघायचा आणि पुढच्या ओळीपर्यंत ओठात जीव राहायचा नाही.

ह्याचं कारण मला मोलाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. माऊथपीसच्या कपात, म्हणजे ओठांपुढच्या वाटीत, जी हवा मावते ती वाद्याच्या नळीचाच भाग असते. शिवाय तिचा परिणाम सगळ्या सुरांवर सारखा नसतो. खालच्या सुरांना ती नळी जेमतेम लांबवते, वरच्या सुरांना अधिक लांबवते. म्हणून कप खोल असेल तर वरचे सूर जास्त उतरतात आणि सप्तक आक्रसतं. १४८ सेंटिमीटरच्या नळीला जो कप सोसतो, तोच ७४ सेंटिमीटरच्या नळीला प्रमाणानं दुप्पट पडतो. मास्तरांचा कप तर जुन्या कॉर्नेटच्या पद्धतीचा, खोल आणि निमुळता. पिकोलोला उथळ कप लागतो तो वरचे सूर ‘काढण्या’साठी नव्हे. उथळ कप लागतो कारण आखूड नळीचा सूर सप्तकाच्या दोन्ही टोकांना जागेवर राहायला हवा. बहुतेक लोक, चांगले वाजवणारेसुद्धा, हे उलटं समजतात, आणि म्हणून मिळेल तितका उथळ आणि मिळेल तितका लहान माऊथपीस शोधत बसतात.

उथळ म्हणजे किती उथळ, हे ठरवायला कॅटलॉग उघडले आणि आकड्यांचं जंगल समोर आलं. अमेरिकेत व्हिन्सेंट बाख या वादकानं १९१८ साली माऊथपीस बनवायला सुरुवात केली. (जर्मन संगीतकार बाख वेगळे, हे मूळचे ऑस्ट्रियाचे.) त्यांच्या पद्धतीत आकडा वाढेल तसा रिमचा, म्हणजे ओठांना टेकणाऱ्या कडेचा, व्यास कमी होतो: ३सी १६.३० मिलिमीटर, ७सी १६.२०. अक्षर ए म्हणजे सगळ्यात खोल कप, तिथून सी मध्यम, ई आणि एफ उथळ. शिकागोचे रेनॉल्ड शिल्की हेही नावाजलेले ट्रंपेटवादक. त्यांनी नेमकी उलटी रीत ठेवली. त्यांच्याकडं आकडा वाढला की व्यास वाढतो, आणि ए म्हणजे सगळ्यात उथळ, ई सगळ्यात खोल. यामाहाला ट्रंपेट बनवताना शिल्कींचा सल्ला होता, त्यामुळं यामाहाची रीतही त्यांच्याच वळणाची. १४ए४ए असं लिहिलेलं असेल तर १४ हा व्यासाचा क्रम, पहिला ए कपाचा, ४ रिमच्या गोलाईचा आणि शेवटचा लहान लिपीतला ए बॅकबोअरचा, म्हणजे गळ्यापासून (कपाच्या तळाच्या अरुंद भोकापासून) पुढं रुंदावत जाणाऱ्या भोकाचा. तेव्हा ‘पिकोलोला ई कप घे’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारावं, कुणाचा ई? बाखचा असेल तर बरोबर. शिल्कीचा असेल तर सगळ्यात खोल माऊथपीस घरी येईल.

शिक्क्यावर विसंबून राहू नये हेही ह्याच काळात कळलं. आमच्या बँडमधले ७सी शिक्क्याचे वेगवेगळे माऊथपीस मिस्त्रींकडं नेऊन मोजले. व्यास, गळा, रिमची जाडी, काहीच एकमेकांशी जुळेना. शिवाय कपाच्या आत किती खोलीवर व्यास मोजायचा यावरही आकडा बदलतो, म्हणून दोन कंपन्यांचे मिलिमीटर समोरासमोर ठेवून फारसं हाती लागत नाही. बोटांनी आणि ओठांनीच ठरवावं लागतं.

त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. तिथं स्टुडिओत आयुष्य काढलेले एक ज्येष्ठ वादक ओळखीतून भेटले. त्यांनी टेबलावर नॅपकिन पसरून आपले कॉर्नेट शँकचे माऊथपीस मांडले. मी उचलून थेट वरचा सूर लावायला गेलो तर त्यांनी हात धरला.

“वरचा सूर सगळ्यात शेवटी. आधी मधला सा. डोळे मिट आणि जिथं तो आपणहून बसतोय तिथंच बसू दे. ट्यूनर मी बघतो, तू बघायचं नाहीस.”

माझ्या मते माऊथपीस पारखण्याची ह्याहून चांगली रीत नाही. ट्यूनर स्वतःच्या समोर असला की वादक नकळत ओठांनी सूर दुरुस्त करतो, आणि काटा मधोमध दिसल्यावर माऊथपीस चांगला आहे असं वाटतं. काम केलेलं असतं ओठांनी. डोळे मिटून वाजवलं की माऊथपीस आणि नळी मिळून सूर कुठं ठेवतात ते खरं कळतं. सा, पंचम, तार सा, गंधार, परत खाली, मग चौथा पिस्टन दाबून मंद्रात. हे सगळं आधी मंद आवाजात, मग मोठ्यानं. ते कागदावर फक्त चढ आणि उतार लिहीत होते. शेवटी त्या कागदावरून माझ्या आवडीचे बरेचसे माऊथपीस बाद झाले.

दुसरी गोष्ट त्यांनी रिमबद्दल सांगितली. पिकोलोसाठी लहान व्यासाचा रिम घेणारे वादक आहेत आणि त्यातले काही फार सुंदर वाजवतात. पण ज्याला एकाच कार्यक्रमात मोठा ट्रंपेट ठेवून पिकोलो उचलायचा आहे आणि परत मोठा उचलायचा आहे, त्यानं ओठांना एकच रिम द्यावा. कप बदल, गळा बदल, बॅकबोअर बदल. ओठांना जे टेकतं ते तसंच राहू दे. मी ७सीवर वाढलेला. तेव्हा ७ रिम. हे एकदा ठरल्यावर जंगल एकदम विरळ झालं. माझ्यापुढं खरे दोनच उरले: बाखचा ७ई, आणि त्याच्या जवळपास रिमचा पण कप फारच उथळ आणि बॅकबोअर अरुंद असलेला दुसरा एक. दोन्ही त्यांनी उसने दिले. दुकानाच्या किंवा घराच्या छोट्या खोलीत निवड करू नकोस, कोल्हापूरला जाऊन दमेपर्यंत वाजव, असं बजावून दिले.

पिकोलोचा आवाज घरात झेपणारा नाही. आमच्या पेठेतल्या तालमीची वरची खोली दुपारी रिकामी असते, तिथं परवानगी मिळाली. चर्चमध्ये साथ कीबोर्डची असणार होती, म्हणून एक मित्र कीबोर्ड घेऊन यायचा. मी वाजवायचं, त्यानं स्वर धरून ठेवायचा.

उथळ माऊथपीस सुरुवातीला फार मोहवतो. वरचे सूर अक्षरशः उडी मारून येतात, आवाज चकचकीत. पहिली दहा-पंधरा मिनिटं मला वाटायचं, हाच घ्यावा. मग आवाज हळूहळू पातळ व्हायचा, आणि एखादा सूर मधेच तुटायचा, नुसती हवा. माझे ओठ मांसल आहेत. वाजवता वाजवता ते थोडे सुजतात आणि रिमच्या आत शिरतात. कप इतका उथळ असला की ते तळाला टेकतात, आणि टेकले की हलणं बंद, सूर बंद. माझ्याकडं शिकणाऱ्या एका मुलाचे ओठ पातळ आहेत. त्यानं तोच माऊथपीस माझ्या दुप्पट वेळ विनातक्रार वाजवला. एखाद्या मोठ्या वादकाचा माऊथपीस अमुक आहे म्हणून आपणही तोच घ्यावा, ह्यात म्हणून मला अर्थ वाटत नाही. ओठ त्यांचे नसतात.

सूरही बघितला. उथळवर सप्तक उलट्या बाजूनं बिघडत होतं: वरचा सा चढा, आणि चौथ्या पिस्टनचे मंद्र सूर बंद डब्यातून आल्यासारखे. ७ईवर मधला आणि वरचा सा एकमेकांशी बरेच जुळत होते. चकाकी कमी. वाजवणाऱ्याला तो आवाज आपल्या कानाशी जरा दबका वाटतो, आणि ह्याच कारणानं मी काही दिवस अडून होतो.

ती अडचण तालमीतल्या पैलवान पोरांनी सोडवली. खाली हौद्यात माती ओढत होती. मित्रानं जिन्यावरून विचारलं, कुठला बरा वाटतोय? त्यांना माऊथपीस म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

“आत्ता वाजवत्यात त्यो बरा हाय की. त्यो सरळ येतोय खाली. पयला नुसता कानाला टोचत हुता.”

‘आत्ताचा’ म्हणजे ७ई. मग मी स्वतः खाली जाऊन उभा राहिलो आणि शिकाऊ मुलाला दोन्ही वाजवायला लावले. पोरांचं बरोबर होतं. माझ्या कानाला दबका वाटणारा आवाज वीस-पंचवीस पावलांवर पूर्ण आणि स्पष्ट पोचत होता. चकचकीत आवाजातला चकचकाट तेवढा पोचायचा, सूर मागं राहायचा. ज्याला माऊथपीस निवडायचाय त्यानं एकदा तरी दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकावा. मी दोन्ही उसने माऊथपीस परत केले आणि कॉर्नेट शँकचा स्वतःचा ७ई मागवला.

गळा मोठा करून घ्यावा का, हाही प्रश्न डोक्यात होता. बाखचा नेहमीचा गळा २७ नंबर ड्रिलचा, ३.६६ मिलिमीटर. नंबर कमी झाला की भोक मोठं होतं, २६ म्हणजे ३.७३. एवढ्याशा फरकानं हवा किती जास्त जाते हे ऐकून खरं वाटत नाही. एका स्वस्त नकलेवर मिस्त्रींकडून भोक पायरी पायरीनं वाढवून घेतलं. मंद्र मोकळं झालं, पण लांब ओळीत माझा श्वास पुरेना. चांगल्या माऊथपीसला ड्रिल लावलं नाही. काढलेलं पितळ परत भरता येत नाही.

शेवटचा टप्पा होता शँक किती आत बसतो त्याचा. माऊथपीसचं टोक आणि लीडपाईपची सुरुवात यांच्यात आत थोडी फट राहते. ती फट कमी-जास्त झाली की सूर घट्ट बसतात किंवा सैल होतात. तपासायची जुनी युक्ती म्हणजे शँकभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, माऊथपीस थोडा बाहेर राहतो. मी वहीचा कागद लावला तर सगळंच बिघडलं. मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी कागद मायक्रोमीटरमध्ये धरला.

“हा ०.१ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी ०.२. शँकचा टेपर, निमुळतेपणा, वीसास एक हाय, म्हंजे ०.२ ला माऊथपीस ४ मिलिमीटर भाईर आला. येवढं नगं असंल तुम्हाला. पतंगाचा कागद घ्या.”

पतंगाचा कागद ०.०३ निघाला. म्हणजे माऊथपीस सव्वा मिलिमीटरच्या आसपास बाहेर. तो लावून पांढरी सहाच्या पाईपवर तार सा वाजवला आणि मित्र कीबोर्डवरून उठला. सूर आपोआप जागेवर येत होता. कागद काढला की पुन्हा जरा डळमळीत. लावला की घट्ट. डोळे मिटून, त्याच्याकडून कागद कधी लावून कधी काढून घेतला तरी मला दर वेळी ओळखू येत होतं.

पण कागद लाळेनं भिजतो आणि रोज वेगळा बसतो. कायमचा उपाय हुपरीत झाला. चांदीच्या दागिन्यांचं गाव. मुलामा चढवणारे हात तिथं पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. एका कारागिराला मापं लिहून दिली: फक्त शँकवर, प्रत्येक बाजूला ०.०३ मिलिमीटर. त्यानं कप आणि भोक मेणानं बंद केलं, शँकवर आधी तांबं चढवलं, मधून मधून काढून मोजलं, आणि शेवटी वरून चांदी. त्याच खेपेला मास्तरांच्या कॉर्नेटच्या माऊथपीसलाही रिमपासून खाली चांदी करून आणली. उघडं पितळ ओठाला लागत राहिलं की कातडी झोंबते, आणि मास्तर अजून संध्याकाळी कधी कधी वाजवतात.

चर्चमध्ये पांढरी सहाचा पाईप लावला. ह्या पाईपनं नळी चार-साडेचार सेंटिमीटर लांबते, त्यामुळं पिस्टनच्या स्लाईडही थोड्या बाहेर ओढाव्या लागतात, नाहीतर नुसता पाईप बदलून पिस्टनचे सूर चढेच राहतात. डिसेंबरची संध्याकाळ गार होती. पिकोलो एवढासा असल्यानं फुंकरीनं लवकर तापतो आणि विश्रांतीच्या ओळीत तितक्याच लवकर निवतो. म्हणून गायक एकटा गात असताना मी वाद्यात आवाज न करता गरम हवा सोडत राहिलो. शेवटच्या पानापर्यंत ओठ टिकले. वरचे सूर कीबोर्डशी जुळून आले.

काळी पाचच्या पाईपवर मात्र हाच माऊथपीस तार गंधारापासून किंचित चढतो. पाईप आखूड, आणि शँकचं माप आपण पांढरी सहासाठी बसवलेलं, तेव्हा ते होणारच. लग्नाच्या सीझनमध्ये पिकोलो काळी पाचवरच वाजणार आहे. त्यासाठी कप आणि बॅकबोअर वेगळे होणारा दोन तुकड्यांचा माऊथपीस बघतोय: वरचा तुकडा ७ई सारखा एकच ठेवायचा आणि खाली दोन पाईपसाठी दोन बॅकबोअर. मुंबईच्या त्या वादकांकडं तसा एक आहे. तो आणून आधी तालमीत, डोळे मिटून, कीबोर्डबरोबर वाजवून बघणार आहे, आणि शँकचं माप पुन्हा पतंगाच्या कागदानंच काढणार आहे.